वाड्या-देवळांच्या फोटोंसाठी वाइड झूम: आधी गल्ली मोजा, मग लेन्स घ्या

"भाऊ, वाड्याचे फोटो काढाचे हायेत, कोणची लेन्स घेऊ?" असं कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. मागे सरकायला जागा किती आहे? विचारणाऱ्याला वाटतं, मी टाळून राहिलो. पण वास्तूच्या फोटोत लेन्स ठरवते ती समोरची इमारत आणि आपल्या पाठीमागची भिंत. दुकानदार लेन्सचे मिलिमीटर सांगतो (आकडा लहान तितकी लेन्स रुंद पाहते), एफ/२.८ सांगतो (लेन्सचं तोंड किती उघडतं ते, आकडा लहान तितका उजेड जास्त), काचेवरचा लेप सांगतो. तुम्ही कुठे उभे राहणार हे तो विचारत नाही.

माझा स्टुडिओ मेहकरच्या बाजूला आहे. लग्नसराईत लग्नं आणि बाकीच्या महिन्यांत इमारती: ठेकेदाराला नव्या बंगल्याचे फोटो लागतात, देवस्थानाला स्मरणिकेसाठी लागतात. सगळ्यात जास्त काम मात्र वाड्यांचं. भावाभावांत हिस्से पडतात, वाडा पाडायचं ठरतं, आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस म्हणतं, पाडाच्या आंधी एक फोटो काढून ठेवा. असे वाडे जुन्या पेठेत असतात. समोर पंधरा-वीस फुटांची गल्ली, त्यात विजेचा खांब आणि उभा केलेला ट्रॅक्टर. खालचं सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हीच जागा आहे.

कॅमेरा ओळंब्यात

एका गवंड्याला त्याच्याच कामाचा फोटो दाखवला तर तो म्हणाला, "म्या ओळंबा लावून भिंत उचलली, मंग हे फोटोत मांगं कशी पडून राह्यली?" त्याचं बरोबर होतं. उंच इमारत फ्रेममध्ये बसवायला आपण कॅमेऱ्याचं तोंड वर करतो. तोंड वर झालं की आतला चित्र टिपणारा सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, आणि सगळ्या उभ्या रेषा वर जाताजाता एकमेकींकडे झुकतात. लेन्स कितीही महाग असो, हे होणारच. भिंत सरळ हवी तर कॅमेरा सरळ हवा, बस.

नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा उभ्या करता येतात, नाही असं नाही. पण तेव्हा वरचा भाग ताणला जातो, तिथलं बारीक काम पातळ होतं आणि दोन्ही बाजू कापाव्या लागतात. थोडा कल असेल तर चालतं. मान मोडेपर्यंत वर पाहून काढलेला फोटो मात्र असा सुधारत नाही. म्हणून लेन्स निवडताना प्रश्न असा ठेवा: कॅमेरा अगदी सरळ धरून, मला जिथे उभं राहता येतं तिथून, इमारतीचा वरचा काठ दिसतो का?

याचा हिशेब बोटांवर होतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर ३६ मिमी बाय २४ मिमी. कॅमेरा उभा धरला की उंची ३६, तिचा अर्धा भाग म्हणजे १८ आपल्या नजरेच्या रेषेच्या वर. तर १८ ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, अंतराने गुणा आणि त्यात डोळ्याची उंची, म्हणजे साधारण ५ फूट, मिळवा. तेवढी उंची फोटोत येते.

समजा वाडा दुमजली, २२ फूट उंच, आणि समोरच्या भिंतीला पाठ टेकून तुम्ही १५ फुटांवर उभे आहात. १६ मिमीला येतात जवळपास १७ फूट, अधिक ५, म्हणजे २२. कसाबसा बसला. २४ मिमीला सव्वाअकरा अधिक ५, म्हणजे सव्वासोळा फूट. वरच्या मजल्याच्या खिडक्या अर्ध्यावर कापल्या. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ वर, छोट्या सेन्सरला, जेमतेम १५ फूट. दारावरची गणेशपट्टी येईल आणि विषय संपला.

रुंदीचा हिशेब आणखी सोपा आहे. आडव्या कॅमेऱ्यात ३६ ला मिलिमीटरने भागून अंतराने गुणायचं. १६ ला अंतराच्या सव्वादोन पट, २४ ला दीडपट, ३५ ला जवळपास अंतराएवढीच. तुमच्या गावातले जे चार-पाच वाडे, देवळं, वेशी तुम्हाला काढायच्या आहेत, तिथे एकदा टेप घेऊन जा. टेप नसेल तर पावलं टाका. बहुतेक फोनमधली ०.५ वाली लेन्स साधारण १३ ते १६ मिमीच्या आसपास असते. तीही तिथे लावून पाहा, चित्र लगेच समजतं.

आता यातली गंमत पाहा. वरचा ५ फुटांचा आकडा आपल्या हातात आहे. त्याच १५ फुटांच्या गल्लीत समोरच्या घरच्यांना विचारून माडीवर गेलात, कॅमेरा जमिनीपासून ११ फुटांवर आला, तर २४ मिमीला वर सव्वाअकरा आणि खाली सव्वाअकरा फूट दिसतं. म्हणजे २२ फुटांचा अख्खा वाडा २४ मिमीत बसला, आणि १६ मिमीची गरजच उरली नाही. वरून खालचं ट्रॅक्टरचं बोनेटही कमी आडवं येतं. आमच्याकडे गच्चीवर जाऊ का विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, फक्त चहा घेतल्याशिवाय खाली उतरू देत नाहीत. जिथे माडी नाही तिथे मंडपवाल्याची घोडी मागून आणा. लेन्सवर हजारो रुपये घालण्याआधी हा उपाय करून पाहावा असं माझं स्पष्ट मत आहे.

उभा धरा, खालून कापा

ज्यांचं पोटच इमारतींच्या फोटोंवर आहे ते लोक शिफ्ट लेन्स वापरतात. कॅननची टीएस-ई २४ मिमी, टीएस-ई १७ मिमी, निकॉनची पीसी-ई २४ मिमी. त्यात कॅमेरा सरळ ठेवून फक्त काच वर सरकवता येते. त्या झूम नाहीत, ऑटोफोकस नाही, आणि किंमत ऐकून तालुक्याचा फोटोग्राफर गप्प बसतो.

पण १६ मिमीला कॅमेरा उभा धरला की फोटोची रुंदी नेमकी २४ मिमीच्या आडव्या फोटोएवढी भरते. २४ भागिले १६ दीड, ३६ भागिले २४ पण दीडच. मग कॅमेरा सरळ ठेवून उभा फोटो काढायचा आणि खालची रिकामी जमीन कापून वरचा आडवा तुकडा ठेवायचा. २४ मिमीची शिफ्ट लेन्स १२ मिमी वर सरकवून जे मिळतं, त्याहून वरचा काठ इथे थोडा जास्तच मिळतो. किंमत मोजावी लागते पिक्सेलमध्ये: २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर कापल्यावर साडेदहाच्या आसपास उरतात, म्हणजे ४००० पिक्सेल रुंदी. स्मरणिकेच्या पानाला तेवढं पुष्कळ. यासाठी वाइड झूमचा रुंद काठ १६ मिमीच्या तोडीचा असावा. १८ वर थांबणारी लेन्स वाईट नाही, पण गल्लीत ते दोन मिलिमीटर आठवतात.

बारवेला हेच उलटं. सिंदखेड राजाची पुतळा बारव काठावरून काढताना सगळे कॅमेरा खाली वाकवतात आणि भिंती पायाशी आवळल्यासारख्या दिसतात. सरळ धरा, पायऱ्या फ्रेमच्या खालच्या अर्ध्यात येऊ द्या, वरचं आभाळ कापून टाका.

आणि इमारत उंच नसून नुसतीच लांब असेल तर लेन्स बदलू नका. कॅमेरा उभा धरून, एका जागेवर फिरवत तीन-चार फोटो घ्या, प्रत्येकात तिसरा हिस्सा आधीच्यातला येऊ द्या आणि ह्यूजिनसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

जास्त रुंद म्हणजे जास्त चांगलं नाही

नवीन मुलांना ११ मिमीचं वेड असतं. कॅननची ईएफ ११-२४ एफ/४ आहे खरी, वजन सव्वा किलोच्या थोडं आतबाहेर. पण रुंद लेन्स कडेच्या वस्तू ताणते. हा लेन्सचा दोष नसून सरळ रेषा सरळ ठेवण्याची किंमत आहे. आडव्या फ्रेमच्या अगदी काठावर, १६ मिमीला, गोल वस्तू दीडपट रुंद होते. २४ ला सव्वापट. सभामंडपात एका ओळीत सारखे गोल खांब असतील तर कडेचा खांब मधल्याच्या दीडपट जाड दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, बांधणाऱ्यानेच असं बांधलं. ११ मिमीला तर घुमटाचं अंडं होतं.

लग्नाच्या स्टेजवर हाच नियम माणसांना लागू होतो. वाइड लेन्स लावली असेल तर विहीणबाईंना कधीही टोकाला उभं करू नका. पेमेंट अडकतं.

म्हणून झूम हवी, एकच आकडा असलेली वाइड लेन्स नको. ऐंशी टक्के वेळा झूम थोडी मागे-पुढे फिरवून २० ते २८ मध्ये काम होतं, गल्लीत १६ लागते, आणि नक्षीच्या जवळ गेलं की ३५. कोणत्याही झूमचं रुंद टोक बघून भाळू नका, दुसरं टोक पण बघा. टोकिना ११-१६ एफ/२.८ छोट्या सेन्सरवर साधारण १७ ते २४ सारखी चालते. काच चांगली, पण २४ नंतर परत लेन्स बदला. धुळीत, एका हातात झाकण धरून.

आता नावं. तुमच्याकडे छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल, आणि तालुक्यात बहुतेकांकडे तोच असतो, तर लेन्सचे मिलिमीटर कॅननसाठी १.६ ने आणि निकॉन, सोनी, फुजीसाठी १.५ ने गुणून वरचे सगळे हिशेब करा. कॅननच्या आरशावाल्या बॉडीला ईएफ-एस १०-१८ एसटीएम: २४० ग्रॅम, १६ ते २९ चं काम, हात हलला तर सांभाळणारी आयएस सोय. प्लास्टिकची आहे म्हणून लोक नाक मुरडतात. वास्तूसाठी पहिली लेन्स म्हणून मी हीच सांगतो. आरशाविना कॅननला आरएफ-एस १०-१८ आहे, ती तर १५० ग्रॅमचीच. निकॉनला एएफ-पी डीएक्स १०-२० व्हीआर (निकॉनची आयएस), २३० ग्रॅम. मात्र डी९०, डी७००० अशा जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही, तेव्हा आपल्या बॉडीवर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. टोकिनाच्या ११-१६ ची पहिली आवृत्तीसुद्धा निकॉनच्या मोटर नसलेल्या बॉडीवर, म्हणजे डी३०००, डी५००० या घराण्यांत, आपोआप फोकस करत नाही. दुसरीत मोटर आहे. वास्तूला हातानेच फोकस केला तरी बिघडत नाही, पण तीच लेन्स लग्नात वापरणार असाल तर बिघडतं.

फुल फ्रेमला कॅनन ईएफ १६-३५ एफ/४ आयएस, २०१४ सालची, आजही वास्तूला उत्तम. तिच्या आधीची १७-४० एफ/४ जुन्या बाजारात सहज मिळते. कोपरे मऊ आणि आयएस नाही, पण तिपाईवर एफ/११ ला काम देते. निकॉनच्या झेड बॉडीला १४-३० एफ/४, जिला १४ मिमी असूनही समोर साधं ८२ मिमीचं फिल्टर बसतं. निकॉनच्याच जुन्या १४-२४ एफ/२.८ ची पुढची काच फुगीर आहे, तिला साधं फिल्टर बसत नाही आणि मावळता सूर्य फ्रेमजवळ आला की तिच्यात रंगीत ठिपके उतरतात. सोनीला पीझेड १६-३५ एफ/४, ३५३ ग्रॅम.

एफ/२.८ ची हौस

वास्तूला एफ/२.८ लागत नाही. वाडा हलत नाही. आपण एफ/८ वर काढणार, फार तर एफ/११. एफ/१६ च्या पुढे गेलं की सगळंच थोडं मऊ पडतं. जास्तीच्या एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट उजेडासाठी, वजन आणि पैसे दोन्ही मोजायचे, आणि ते वजन उन्हात पाठीवर न्यायचं. नरनाळा किल्ल्यावर महाकाली दरवाजा काढायला गेलात तर समजेल. १४८७ सालचा तो दरवाजा बारीक कोरीव कामाने भरलेला आहे, तिथे एफ/२.८ चा काय उपयोग? सगळीकडे धार हवी. लग्नाचं अंधारं सभागृह हाच तुमचा मुख्य धंदा असेल तर मात्र एफ/२.८ घ्या. मग लेन्स लग्नाची झाली आणि वाडा तिचा जोडधंदा.

त्यापेक्षा हात स्थिर ठेवणारी सोय महत्त्वाची. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिपाई लावायला परवानगी लागते, आणि ती हातोहात मिळत नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा मंडप भर दुपारीही अंधारा असतो. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की घटकाभर काही दिसत नाही. अशा जागी आयएस असेल तर श्वास रोखून, खांबाला खांदा टेकवून पाव सेकंदाचा फोटो हातात मिळतो. छतावरच्या शिल्पांना तर तेही नको: कॅमेरा पाठीवर, तोंड वर करून, फरशीवर रुमाल टाकून ठेवा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा. छत १२ फुटांवर असेल तर २४ मिमीत १८ बाय १२ फुटांचा तुकडा येतो. तिथे अतिरुंद काच उलट नुकसान करते, कोरीव काम बारकं होऊन मध्ये गोळा होतं. त्या मंदिराला बाहेरून मोकळी जागा आहे, बाहेरची नक्षी आणि तारकाकृती कोपरे ३५ ते ५० मिमीला जास्त खरे दिसतात. सिंदखेड राजाला लखुजीराजांच्या राजवाड्याचं प्रवेशद्वार इतर दिवशी २४ मध्ये आरामात येतं. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, मागे सरकायचं नावच काढू नका, तेव्हा १६ लागते आणि तीही डोक्याच्या वर धरून.

घेण्याआधीची परीक्षा

वास्तूच्या लेन्सची खरी परीक्षा सरळ रेषेवर होते. कसोटीला जिल्हा परिषदेच्या शाळेची लांब इमारत बेस्ट. रविवारी जा. व्हरांड्याच्या समोर, इमारतीला समांतर, सरळ कॅमेरा. पत्र्याची किंवा स्लॅबची कड फ्रेमच्या वरच्या काठाला अगदी लागून येईल असं उभं राहा. सगळ्यात रुंद टोकाला एक फोटो, मधल्या आकड्याला एक, लांब टोकाला एक. आता कड पाहा. मध्ये वर फुगत असेल तर काही हरकत नाही, लाइटरूम, डार्कटेबल कोणतंही सॉफ्टवेअर ते क्षणात सरळ करतं. पण कड मध्ये फुगून दोन्ही टोकांना पुन्हा मिशीसारखी वळत असेल तर सावध. ती वळणं साध्या एका पट्टीने निघत नाहीत, त्या लेन्सचं नेमकं प्रोफाइल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली तिच्या वळणांची नोंद, लागतं. बाळापूरच्या किल्ल्यासारखी विटांची तटबंदी, १७५७ साली पुरी झालेली, अशा लेन्सने काढलीत तर विटांचा एकेक थर चुगली करतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याची न सुधारलेली मूळ फाइल) आणि सॉफ्टवेअर वापरणार नसाल, तर ही परीक्षा बाकी सगळ्यांच्या वर ठेवा.

मग कोपरे. एफ/८ ला चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा मऊ वाटला तर कॅमेरा उलटा, डोकं खाली करून तोच फोटो परत काढा. मऊपणा फ्रेममधल्या त्याच कोपऱ्याला चिकटून राहिला, म्हणजे आता इमारतीच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर काच वाकडी बसलेली आहे. लेन्स परत. मऊपणा इमारतीच्या त्याच टोकाला राहिला तर तुम्हीच समांतर उभे नव्हता.

जुनी लेन्स अकोल्याहून, नागपूरहून घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने टाका आणि पुढून तिरपं पाहा. दोन-चार धुळीचे कण दिसणारच. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, तिथून उठा. फिल्टरची कडा चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे, मग वरची उलट्या कॅमेऱ्याची परीक्षा तिथल्या तिथे, समोरच्या दुकानाच्या शटरवर करा. झूम फिरवताना मध्येच अडकते का आणि पुढची नळी हाताने हलते का, तेही बघा.

आमच्या भागात एक जास्तीचं. ज्या लेन्सची नळी झूम करताना बाहेर येते ती बाहेर येताना हवा ओढते, आणि हवेबरोबर धूळ. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये फोटो काढायचे असतील तर रुईचे तंतू काळ्या नळीवर बसलेले दिसतील. आत ढकलायच्या आधी नळी मऊ ब्रशने झाडून घ्या. मे महिन्यात लेन्स गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला. आणि पुढचं झाकण एक जास्तीचं घेऊन ठेवा, पहिलं कोणत्या तरी माडीवर राहतंच.